मुलांना मैदानी खेळांत घालताना: पहिल्या स्पर्धेपासून २० वर्षांखालील गटापर्यंत

बारा-तेराव्या वर्षी शंभर मीटरची शर्यत कोण जिंकतं, यावरून बहुतेक वेळा एवढंच कळतं की कोण आधी वाढीला लागलं. बाकीची पोरं अजून लहानखुरी असताना एखादा ताडमाड वाढतो, सगळ्या शर्यती मारतो, आणि घरचे स्वप्नं बघू लागतात. दोन-तीन वर्षांत बाकीचे त्याला उंचीने गाठतात, निकाल उलटतात, आणि ‘याचा खेळ घसरला’ अशी कुजबुज सुरू होते. घसरलेलं काहीच नसतं, फक्त वाढीचं उसनं बळ संपलेलं असतं. उलट बाजूला, उशिरा वाढणारी, पण चांगला हात किंवा चांगली उडी असलेली मुलं तोवर मैदान सोडून गेलेली असतात.

हा लेख नव्याने या वाटेला लागलेल्या पालकांसाठी, क्रीडाशिक्षकांसाठी आणि नवशिक्या प्रशिक्षकांसाठी आहे. स्पर्धा हव्यातच. मुलांना त्या आवडतात आणि स्पर्धेत जे शिकता येतं ते सरावात येत नाही. फक्त स्पर्धेने मुलाच्या वाढीमागून चालावं, वाढीला फरफटत नेऊ नये. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका सूत्रावर बेतल्या आहेत.

पायरी १: वयोगट आणि जन्ममहिना आधी बघा

वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या (मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं धरतात. त्या तारखेला १६ किंवा १७ पूर्ण असलेले १८ वर्षांखालील गटात, १८ किंवा १९ पूर्ण असलेले २० वर्षांखालील गटात. त्याखालच्या गटांच्या सीमा प्रत्येक संघटना आपापल्या ठरवते, म्हणून दर वेळी माहितीपत्रकातली तारीख वाचा. वयाचा दाखला मूळ प्रतीसह जवळ ठेवा. या एका कागदापायी मुलं मैदानाच्या दारातून परत जातात.

२०२६ साली १८ वर्षांखालील गटात जानेवारी २००९ चा मुलगा आणि डिसेंबर २०१० चा मुलगा एकाच रेषेवर उभे राहतील. अंतर जवळजवळ दोन वर्षांचं. त्या वयात दोन वर्षं म्हणजे १५ सेंटिमीटर उंची आणि १५-२० किलो वजनाचा फरकही असू शकतो. म्हणून प्रत्येक निकालाच्या शेजारी जन्ममहिना लिहायची सवय लावा. निवड करणाऱ्यांनी ही सवय लावली नाही, तर संघात जानेवारी-फेब्रुवारीची मुलं भरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरची दिसेनाशी होतात. हे जगभर आणि जवळपास सगळ्या खेळांत दिसतं.

लवकर चमकणं वाईट नाही. युसेन बोल्टने २००२ साली किंग्स्टनला कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर जिंकली तेव्हा तो १५ वर्षांचा होता. पण तिहेरी उडीत १८.२९ मीटरचा विश्वविक्रम करताना, १९९५ साली, जोनाथन एडवर्ड्स २९ वर्षांचा होता. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि आपल्यासमोरचं मूल कोणत्या वाटेवर आहे हे बाराव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. खुद्द आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९९ मध्ये सुरू केलेली १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धा २०१७ च्या नैरोबीनंतर बंद केली. २० वर्षांखालील स्पर्धा मात्र १९८६ पासून चालू आहे. सोळाव्या वर्षी जगज्जेता होण्याची घाई करायचं कारण आता कॅलेंडरमध्येही उरलेलं नाही.

पायरी २: सात ते अकरा, सगळं थोडं थोडं

या वयात ‘आमचा मुलगा स्प्रिंटर आहे’ हे वाक्य बाजूला ठेवा. धावणं, उडी मारणं, फेकणं, अडथळा ओलांडणं, लोळणं, तोल सांभाळणं, हे सगळं आलटून पालटून. आठवड्यात दोन वेळा, तासभर. त्यातला निम्मा वेळ पकडापकडी, रिले आणि नेम धरून चेंडू फेकण्यासारख्या खेळांना दिलात तरी चालेल. मुलं त्यात मनापासून वेगाने धावतात, आणि वेगाचा सराव आणखी काय वेगळा असतो?

शर्यत ४० ते ६० मीटरची पुरे. स्टार्टिंग ब्लॉक नको, उभ्याने सुरुवात. भाल्याऐवजी फोमचा किंवा प्लॅस्टिकचा हलका भाला, गोळ्याऐवजी १ किलोचा मेडिसिन बॉल. लांब उडीला पाय टेकवायच्या फळीचा हट्ट धरू नका. अर्ध्या मीटरचा पट्टा आखा आणि पाय जिथे पडला तिथून उडी मोजा. फळीच्या धाकाने मुलं शेवटची चार पावलं डोळे खाली घालून, चाचपडत टाकतात, आणि ही खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

लहान गटाच्या स्पर्धा शक्यतो सांघिक ठेवा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ‘किड्स अ‍ॅथलेटिक्स’ उपक्रमाची घडण मुळात तशीच आहे: मुलामुलींचा मिश्र संघ, प्रत्येकाने सगळे प्रकार करायचे, गुण संघाच्या खात्यात. शेवटून दुसरा येणाराही संघासाठी काहीतरी कमावतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो.

हर्डल्सबद्दल (अडथळ्यांच्या शर्यतीबद्दल) थोडं सविस्तर, कारण इथे सर्वाधिक चुका होतात. हर्डल ३० ते ५० सेंटिमीटरचं, पडलं तरी न लागणारं घ्या. तीन लेन मांडा: पहिलीत हर्डलमधलं अंतर ५ मीटर, दुसरीत ५.५, तिसरीत ६. पहिलं हर्डल सगळीकडे १० मीटरवर. मग मुलाला तिन्हींतून एकदा धावू द्या आणि फक्त पावलं मोजा. दोन हर्डलच्या मध्ये तीन पावलं सहज पडतात ती लेन त्याची. चार पडत असतील तर दर वेळी पाय बदलतोय. बिघडलं काही नाही, उलट दोन्ही बाजूंनी ओलांडायला शिकतोय. पाच पडत असतील, किंवा तिसरं पाऊल ओढून ताणून टाकावं लागत असेल, तर अंतर जास्त आहे. अंतर कमी करा, मुलाला ‘जोर लाव’ म्हणू नका. मोठ्यांचं माप आखून मुलांना त्यात कोंबलं की ती हर्डलवर ‘धावत’ नाहीत, प्रत्येक हर्डलपाशी थांबून उडी मारतात.

पायरी ३: उंची मोजा, आणि आकड्यांचं ऐका

सगळ्या कार्यक्रमात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे मोजपट्टी. वाढीचा झपाटा मुलींत साधारण बाराव्या, मुलांत साधारण चौदाव्या वर्षी शिगेला पोचतो, पण वर्ष-दोन वर्षं अलीकडे-पलीकडे होणं अगदी सामान्य आहे. म्हणून वाढदिवसावर भिस्त ठेवता येत नाही.

मोजायचं दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी. टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनी ठोकळा भिंतीला टेकवून पेन्सिलीने खूण. दोनदा मोजा; दोन आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सकाळीच का, तर दिवसभरात मणक्यांवर भार येऊन उंची सेंटिमीटरभर कमी भरते. तीन महिन्यांतली वाढ गुणिले चार, म्हणजे वर्षाचा वेग. समजा १४७.२ वरून १४९.४ झाली: वाढ २.२, वेग वर्षाला ८.८ सेंटिमीटर. हा झपाटा आहे. काही हौशी पालक दर महिन्याला मोजतात. मोजण्यात अर्धा सेंटिमीटर चूक झाली आणि तिला बाराने गुणलं तर ६ सेंटिमीटरची चूक होते, मग तो आकडा काहीच सांगत नाही.

जमलं तर बसल्याची उंचीही लिहा (ठरलेल्या एकाच स्टुलावर बसवून, स्टुलाची उंची वजा करून). पाय आधी लांबतात, धड मागून. उभ्याची उंची भराभर वाढतेय आणि बसल्याची तशीच आहे, म्हणजे झपाटा सुरू होतोय. बसल्याची वेगाने वाढू लागली की तो पुढे सरकलाय.

वेग वर्षाला ७ सेंटिमीटरच्या वर गेला की हे करा:

- उड्यांची संख्या तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी. तिहेरी उडीचा पूर्ण रन-अप (उडीआधीची धाव), उंचावरून खाली उड्या, कडक पृष्ठभागावरचं बाउंडिंग (एका पायावरून दुसऱ्यावर लांब झेपा) पूर्ण बंद.
- वेगाचा सराव चालू, पण थोडक्यात: २०-३० मीटर, पूर्ण विश्रांती घेऊन.
- एका पायावरचा तोल, पोटापाठीचे व्यायाम, साधे ड्रिल वाढवा. शरीराची लांबीरुंदी बदललीय, मेंदूला नव्या मापाची ओळख व्हायला वेळ लागतो.
- रन-अप दर महिन्याला नव्याने मोजा. पाय लांबले की जुनी खूण खोटी ठरते आणि मूल फाउलवर फाउल करतं.

या काळात तंत्र बिघडलेलं दिसेल. गेल्या वर्षी सुरेख हर्डल ओलांडणारी मुलगी अचानक हातपाय झाडू लागते. तिला ओरडून उपयोग नाही, आपण धीर धरायला हवा.

दुखण्यांचं पण ठाऊक असू द्या. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागच्या हाडावर दोन बाजूंनी दाबलं की दुखतं, तो सीव्हर्स. दोन्हींत स्नायूची ओढ हाडाच्या अजून कच्च्या भागावर पडते, आणि दोन्ही भार कमी केल्यावर बहुधा बसतात. सीव्हर्समध्ये बिनटाचेचे स्पाइक्स (खिळ्यांचे जोडे) त्रास वाढवतात, तेव्हा सराव साध्या जोड्यांत. बोट ठेवून दाखवता येईल असं हाडावरचं दुखणं, लंगडणं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकलेली वेदना, यांपैकी काहीही असेल तर उड्या आणि स्प्रिंट थांबवा. एक गोष्ट मात्र डोळेझाक करण्यासारखी नाही: स्टार्ट घेताना किंवा जोरात पाय उचलताना कमरेच्या पुढच्या हाडापाशी ‘कट्’ झालं आणि मूल तिथेच बसलं. मोठ्या माणसात हे बहुधा स्नायू ताणल्याचं लक्षण असतं. वाढत्या मुलात स्नायूने हाडाचा तुकडाच ओढून काढलेला असू शकतो. मालिश, शेक काही नको. त्याच दिवशी डॉक्टर आणि एक्स-रे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक नोंद. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा येत असलेली सलग तीन महिने चुकली, तर डॉक्टरांना दाखवा. सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि किंमत हाडं मोजतात. ‘वजन कमी कर, वेळ सुधारेल’ असा सल्ला वाढत्या मुलीला कोणीही देऊ नये, प्रशिक्षकाने तर नाहीच.

पायरी ४: साधनं वयाची, हौस मोठ्यांची नव्हे

मुलग्यांचा गोळा १८ वर्षांखाली ५ किलो, २० वर्षांखाली ६, खुल्या गटात ७.२६. थाळी अनुक्रमे १.५, १.७५ आणि २ किलो. हातोडा गोळ्याइतकाच. भाला १८ खाली ७०० ग्रॅम, पुढे ८००. मुलींचा गोळा आणि हातोडा १८ खाली ३ किलो, नंतर ४. भाला ५०० ग्रॅम, नंतर ६००. थाळी सगळीकडे १ किलो. त्याहून लहान गटांत वजनं याहून हलकी असतात.

१३ वर्षांच्या मुलाच्या हातात ५ किलोचा गोळा देऊन ‘सवय होईल’ म्हणणारे भेटतातच. सवय होते, पण चुकीची. गोळा जड झाला की कोपर खांद्याच्या खाली पडतं, गोळा मानेपासून सुटतो, आणि ढकलण्याऐवजी चेंडूसारखा फेकला जातो; मनगट आणि बोटं दुखतात. तपासणी सोपी आहे: बाजूने मोबाइलवर चित्रण करा. सुटण्याच्या क्षणी कोपर गोळ्याच्या मागे असेल तर वजन बरोबर, खाली लोंबत असेल तर हलका गोळा घ्या. भाल्यात बारा ते चौदा वयात एका सत्रात ३०-४० फेकी पुष्कळ झाल्या, त्यातल्या पूर्ण जोराच्या जेमतेम दहा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर त्या दिवशी फेक बंद.

हर्डल्समध्ये मुलग्यांच्या ११० मीटरची उंची १८ खाली ९१.४ सेंटिमीटर, २० खाली ९९.१, खुल्या गटात १०६.७. हर्डलमधलं अंतर तिन्हीकडे ९.१४ मीटर. मुलींच्या १०० मीटरला १८ खाली ७६.२, नंतर ८३.८, आणि अंतर ८.५० मीटर.

स्पाइक्सची घाई नको. बाराव्या वर्षापर्यंत साधे धावायचे जोडे पुरतात. घेताना अंगठ्यापुढे किंचितच जागा ठेवा. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर पाय आत सरकतो आणि घोटा मुरगळतो. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा जास्तीत जास्त ९ मिलिमीटर, उंच उडी आणि भाल्याला १२. मैदानाचा नियम याहून कडक असू शकतो.

पायरी ५: बारा ते चौदाचा आठवडा

तीन सत्रं, प्रत्येकी ७५ ते ९० मिनिटं. एखादा दुसरा खेळ सोबत चालू असेल तर उत्तम. आठवड्यातले ठरावीक सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, हा ढोबळ नियम डॉक्टर मंडळी देतात आणि तो पाळण्यासारखा आहे. एक पूर्ण सुट्टीचा दिवस नक्की.

सत्रातला क्रम बदलू नका: वॉर्म-अप, मग वेग, मग तंत्र, मग ताकद, शेवटी दम. दम आधी काढला की थकल्या पायांनी वेग शिकवता येत नाही. मूल हळू धावायलाच शिकतं. वेगासाठी ३० मीटरच्या ५-६ धावा, आणि दर १० मीटरला एक मिनिट या हिशेबाने मध्ये ३ मिनिटं विश्रांती. नवशिक्या प्रशिक्षकाला ही तीन मिनिटं बघवत नाहीत, तो मुलांना लगेच पिटाळतो, आणि वेगाचं सत्र नकळत दमाचं होऊन बसतं.

ताकदीबद्दल एक गैरसमज अजून जिवंत आहे, की वजन उचललं की उंची खुंटते. तसं होत नाही. चुकीच्या पद्धतीने, कोणी बघायला नसताना उचललं तर दुखापत होते, हे खरं. स्क्वॉट, लंज, पुश-अप, दोरीला लटकणं, मेडिसिन बॉल यांपासून सुरुवात करा. दहा वेळा स्वच्छ जमलं की मगच हलका भार.

लांब उडीचा रन-अप या वयात साधारण वयाच्या आकड्याइतक्या पावलांचा: बारा वर्षांच्या मुलाला ११ ते १३. मोजायची रीत: मूल फळीवरून उलट्या दिशेने ट्रॅकवर धावू दे, ठरलेल्या पावलाला पाय कुठे पडतो तिथे खूण करा. चार-पाच वेळा. मधली खूण घ्या आणि टेपने मोजून वहीत लिहा. स्पर्धेत समोरून वारा असला तर खूण वीतभर पुढे, पाठीशी असला तर वीतभर मागे.

लांब शर्यती आवडणाऱ्या मुलांना ८०० मीटर, कधी १५००, एवढं पुरे. पहिल्या शंभर मीटरला जीव तोडून धावायचं आणि मग रखडायचं ही सगळ्यांची खोड. घड्याळाने मोडा: ८०० मीटर ३ मिनिटांत धावायची असतील तर दर २०० मीटरला ४५ सेकंद. सरावात २०० मीटर बरोबर ४५ ला पोचण्याचा खेळ लावा; ४२ ला पोचणारा हरला.

झोप हा सरावाचाच भाग धरा. तेरा ते अठरा वयात रोज ८ ते १० तास, त्याहून लहानांना ९ ते १२. पहाटेचा सराव आणि रात्रीचा अभ्यास यांत चिमटलेल्या मुलाला तिसरं सत्र देण्यापेक्षा ते सत्र झोपेला द्या.

पायरी ६: वर्षातल्या स्पर्धा

बारा ते चौदा: वर्षाला सहा ते दहा दिवस, प्रत्येक वेळी दोन-तीन वेगवेगळे प्रकार, त्यातली एक-दोन संयुक्त प्रकारांची, म्हणजे तीन (ट्रायथलॉन) किंवा पाच (पेंटॅथलॉन) मैदानी प्रकारांचे गुण एकत्र धरणारी. पंधरा ते सतरा: संख्या थोडी वाढली तरी चालेल, पण खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या दोनच; बाकीच्या सरावाच्या. पहिल्या स्पर्धेआधी निदान सहा ते आठ आठवडे सलग सराव. मोसम संपला की दोन ते चार आठवडे ट्रॅककडे फिरकायचं नाही.

कॅलेंडर बिघडतं ते पुढे जाणाऱ्या मुलामुळेच. जो जिंकतो त्याला शाळा, क्लब, तालीम सगळीकडून बोलावणं येतं. एका महिन्यात चार शनिवार, प्रत्येक शनिवारी १००, २००, लांब उडी आणि रिले. सरावाला दिवस उरत नाहीत, आणि वर्षअखेरीस त्याची वेळ जिथे होती तिथेच असते. कोणीतरी एकाने, पालकाने किंवा प्रशिक्षकाने, नाही म्हणायचा अधिकार आपल्याकडे ठेवला पाहिजे, आणि तो कोणाकडे आहे हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा.

पायरी ७: स्पर्धेचा दिवस

आदल्या रात्री पिशवी: स्पाइक्स, खिळे पिळायची चावी, जास्तीचे खिळे, चार सेफ्टी पिन, कोरडे मोजे, पाणी, टेप, रन-अपच्या मापाची वही. स्पर्धेच्या दिवशी नवं काहीही नको, ना जोडे ना खाणं. मुख्य जेवण स्पर्धेच्या अडीच-तीन तास आधी.

मैदानावर दीड तास आधी पोचा. पहिलं काम वेळापत्रक बघणं नाही, कॉल रूमची (शर्यतीआधी हजेरी द्यायच्या जागेची) वेळ बघणं. तिथे उशीर झाला तर शर्यत गेली. वॉर्म-अप ३५-४० मिनिटांचा: दहा मिनिटं हलकं धावणं, हालचालीचे व्यायाम, ड्रिल, तीन-चार वेगवाढीच्या धावा. तो कॉल रूमच्या जेमतेम दहा मिनिटं आधी संपवा. लवकर उरकला तर मूल अर्धा तास बसून थंड होतं. हे इतकं सर्रास होतं, की मोठ्या मैदानावर कॉल रूममध्ये गारठून बसलेली मुलं बघूनच निकाल सांगता येतो.

नियम घरीच समजावा. फॉल्स स्टार्ट एकदाच: पहिल्यालाच बाद, संयुक्त प्रकार वगळता. स्टार्टरने ‘सेट’ म्हटल्यावर हलायचं नाही. वळणावर आतल्या रेषेवर पाय नको. शेवट छातीने होतो, आणि मुलं नेमकी रेषेच्या दोन मीटर आधी सैल पडतात. म्हणून सरावात रेषेच्या पुढे दहा मीटरवर शंकू ठेवून ‘तिथपर्यंत’ धावायला शिकवा. ४×१०० रिलेत बॅटन बदलायचा पट्टा ३० मीटरचा असतो. देणारा थकलेला आणि घेणारा घाबरलेला असल्याने बॅटन पट्ट्याच्या शेवटी नव्हे, मध्यावर बदलायचं ठरवा.

लांब उडी आणि फेकीत सहसा पहिल्या तीन प्रयत्नांनंतर पहिल्या आठांना आणखी तीन मिळतात. म्हणजे पहिला प्रयत्न बिनधोक: फळीआधी वीतभर, फाउल न करता. नंतर जोर. उंच उडीत सुरुवातीची उंची स्वतःच्या सर्वोत्तमपेक्षा १५-२० सेंटिमीटर खाली घ्या. सलग तीन चुका झाल्या की बाहेर, आणि पहिल्याच स्पर्धेत एकही उंची न ओलांडता परतलेलं मूल बरेच दिवस त्या गादीकडे बघत नाही. दोन प्रकार एकाच वेळी आले तर आधी जाऊन उडी किंवा फेकीच्या पंचांना सांगा. शेवटची फेरी सोडून ते क्रम पुढेमागे करू देतात. न सांगता गेलात आणि पाळी आली, तर तो प्रयत्न सोडून दिला असं धरतात.

पालकांनी कठड्याबाहेर राहावं. शर्यत झाल्यावर दहा मिनिटं काही विचारू नये. नंतर दोन प्रश्न पुरे: काय जमलं, काय जमलं नाही? ‘तिच्यापुढे तू का नाही गेलीस’ हा तिसरा प्रश्न घरीच राहू दे. संध्याकाळी वहीत निकालासोबत वारा, पृष्ठभाग, हर्डलची उंची, साधनाचं वजन लिहा. २०० मीटरपर्यंतच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडीत पाठीचा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रमासाठी ती नोंद धरत नाहीत, आणि तुम्हीही वेगळी ठेवा.

पायरी ८: एका प्रकारावर कधी यायचं

पंधरा-सोळापर्यंत गट ठरावा: वेग आणि हर्डल्स, उड्या, फेकी किंवा लांब धाव. सतरा-अठराला एक मुख्य प्रकार आणि एक जोडीचा. पोल व्हॉल्ट आणि हातोडा यांचं तंत्र थोडं आधी शिकवावं लागतं, पण शिकवणं वेगळं आणि त्याच एका गोष्टीला जुंपणं वेगळं.

निवडताना तीन गोष्टी बघा. कुणी न सांगता मूल कोणता प्रकार करत बसतं? मोजमापांत दरवर्षी कुठे स्थिर सुधारणा आहे? आणि वाढ संपल्यावर शरीर कसं असेल, आईवडिलांच्या उंचीवरून त्याचा अंदाज काय सांगतो? आज कोणत्या प्रकारात पदक मिळतं, हा निकष सर्वांत शेवटी.

पायरी ९: १८ ते २० मधला खड्डा

इथे सर्वांत जास्त मुलं सुटतात, आणि बऱ्याचदा कारण साधं गणित असतं. ५ किलोच्या गोळ्यावरून ६ वर गेलं की फेक मीटरभर किंवा त्याहून जास्त कमी होते. हर्डल ७.६-७.७ सेंटिमीटरने उंच झालं की वेळ वाढते. गटात आता दोन वर्षांनी मोठे आहेत. मुलाला वाटतं आपण संपलो. म्हणून गट बदलण्याच्या सहा महिने आधीच सांगून ठेवा आणि तयारी सुरू करा: एकूण फेकींपैकी आधी पाचवा, मग तिसरा हिस्सा नव्या वजनाने, हर्डल्समध्ये नवी उंची, पण अंतर ३०-५० सेंटिमीटरने आखूड. नवं वजन, नवी उंची यांची विक्रमवही वेगळी उघडा, जुन्या आकड्यांशी तुलना नको. नीरज चोप्राने २०१६ साली पोलंडमधल्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ८६.४८ मीटर फेकला तो खुल्या गटाचाच ८०० ग्रॅमचा भाला होता. भाल्यात मुलग्यांना हा बदल १८ लाच भेटतो. गोळ्यात तो दोनदा येतो.

याच वयात ताकदीच्या पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिराती मुलांपर्यंत पोचतात. डब्यावर न लिहिलेला घटक तपासणीत सापडला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. साधं उत्तर: डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय काही नाही, आणि दिलंच तर आधी बंदी असलेल्या घटकांची यादी तपासून.

प्रशिक्षक बदलत असेल तर नव्याच्या हाती वही द्या: पहिल्यापासूनची उंची, दुखापती तारखांसह, रन-अपची मापं, दर वर्षी किती स्पर्धा खेळल्या, आठवड्याला किती सत्रं झाली. आठवड्याला तीन सत्रांवर आलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात सहा सत्रांवर टाकू नये, एवढं तरी त्यावरून कळतं. एक सत्र वाढवा, चार-सहा आठवडे तिथेच थांबा, झोप आणि सकाळचं दुखणं विचारा, मग पुढचं.